घराची व्यवस्था ही कोणाची अमानत?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि त्याच्या जलाशयासाठी पुढील काळात अनेक गावांना पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडून नव्या गावठाणात जावे लागले. अशा वेळी एखादे घर कसे उठत असेल, याची क्षणभर कल्पना करावी. धानाची कोठी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये भरता येते. पण सातबारा कोठे ठेवला आहे, कोणाची उधारी फेडायची राहिली आहे, धाकट्याचा जन्मदाखला कोणत्या पेटीत आहे, म्हाताऱ्या सासऱ्यांचे औषध केव्हा संपते, हे सारे कशात भरायचे? बहुतेक घरांत ते एका स्त्रीच्या स्मरणात साठवलेले असते. घरातील इतर माणसे तिला विचारत राहतात आणि ती सांगत राहते.

सुज्ञ वाचकहो, आपले घर उठलेले नसेल. तरीही प्रश्न आपल्यालाही लागू आहे. सकाळी मुलांची शाळा, पुरुषांचे दुकान किंवा नोकरी, रोवणीच्या दिवसांत शेत, सायंकाळी मुलांचा मकतब, अधूनमधून पाहुणे, आजारपण, लग्नकार्य. एवढ्या धावपळीत आपले घर चालते, ते कोणाच्या बळावर? ती व्यक्ती आठ दिवस अंथरुणाला खिळली, तर काय होईल? घर कोलमडत असेल, तर आपण ज्याला आजवर व्यवस्था म्हणत आलो, ती व्यवस्था नव्हतीच. तो एका जिवावर टाकलेला भार होता.

काही जणांना हा विषय धार्मिक मासिकात शोभणारा वाटणार नाही. धर्म मशिदीत आणि जेवणाचे डबे स्वयंपाकघरात, अशी आपण मनाशी वाटणी करून घेतली आहे. पवित्र कुरआन ही वाटणी मान्य करीत नाही. सूरह नूरमध्ये घरातील दिवसाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत : फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर. या वेळी लहान मुलांनी व घरातील सेवकांनीही परवानगी घेऊनच खोलीत यावे, असा आदेश आहे (२४:५८). मूल दूध केव्हा सोडेल हा निर्णयदेखील माता-पित्याने परस्पर संमतीने व सल्लामसलतीने घ्यावा, असे मार्गदर्शन आहे (२:२३३). आणि कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कशाविषयी आहे? मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नये, याविषयी (२:२८२). ज्या ग्रंथाने घराच्या दाराची आणि उधारीच्या वहीची एवढी दखल घेतली, त्याच्या अनुयायांनी घराच्या व्यवस्थेला क्षुल्लक कसे म्हणावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही जबाबदारी कोणाची? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या हाती सोपविलेल्यांविषयी विचारले जाईल. त्यात शासकाचा उल्लेख आहे, पुरुषाचा आहे, स्त्रीचा आहे आणि सेवकाचाही आहे. म्हणजे जाब एकट्या स्त्रीला विचारला जाणार नाही, आणि पैसे कमावून आणले एवढ्यावर पुरुषाची सुटका होणार नाही.

येथे आदरणीय फातिमा (रजि.) यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. जाते दळून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते, त्यांनी सेवक मागितला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी करावयाचे अल्लाहचे स्मरण शिकविले. ही घटना खरी आहे आणि तिच्यातून मिळणारे बळही खरे आहे. पण ती सांगणाऱ्या पुरुषाने दुसरी हदीसही सांगितली पाहिजे. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे आदरणीय आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले. ते घरच्यांच्या सेवेत असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी उत्तर दिले. अन्य कथनांत आपली पादत्राणे दुरुस्त करणे, कपडे शिवणे यांचा उल्लेख येतो. एक हदीस पत्नीसाठी आणि दुसरी कोणासाठीच नाही, असे करणे हा न्याय नव्हे.

फिकहच्या विद्वानांतही याविषयी मतभेद आहेत. शाफई व हंबली पंथांचे प्रचलित मत असे की स्वयंपाक, धुणी-भांडी ही पत्नीवरील कायदेशीर सक्ती नाही. हनफी विद्वानांनी ते तिचे नैतिक कर्तव्य मानले आहे. घराघरांत वाद व्हावा म्हणून हे सांगत नाही. जे काम आपण हक्क म्हणून मागतो, त्यात तिचा केवढा एहसान दडलेला आहे, हे उमजावे म्हणून सांगतो.

या संदर्भात आपला एक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. आपण म्हणतो, ‘मी घरात मदत करतो.’ मदत करणारा सांगितल्यावर उठतो आणि विसरला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. जबाबदारी घेणारा स्वतः लक्षात ठेवतो. मुलाने भांडी घासली, पण ‘भांडी घास’ हे आईला रोज तीनदा सांगावे लागले, तर तिचे ओझे कमी झाले नाही. अमानत सोपवायची तर पूर्ण सोपवावी : औषधे आणणे एकाकडे, वीजबिल व कागदपत्रे दुसऱ्याकडे, पाणी भरणे तिसऱ्याकडे, आणि त्यांची आठवणही त्याच्याचकडे.

यासाठी जुमाच्या दिवशी कुटुंबाने अर्धा तास एकत्र बसावे. श्रद्धावंतांचे व्यवहार आपसांतील सल्ल्याने चालतात, असे कुरआन सांगते (४२:३८). घरातील सर्व कामांची यादी करावी. जी दिसत नाहीत, तीही लिहावीत. दिवसाची विभागणी नमाजच्या वेळांभोवती करावी, कारण त्या वेळा श्रद्धावंतांसाठी ठरवून दिलेल्या आहेत (४:१०३). देणे-घेणे, जमिनीची कागदपत्रे, पत्नीचा महर, बहिणी-मुलींचा वारसाहक्क हे सारे लिहून एका ठिकाणी ठेवावे आणि ती जागा घरातील प्रौढ स्त्री-पुरुषांना ठाऊक असावी. जमिनीचा मोबदला हाती आला, पण त्यात कोणाचा किती वाटा हे कोठेच लिहिलेले नसेल, तर भावाभावांत व भावाबहिणींत दुरावा यायला वेळ लागत नाही.

मात्र व्यवस्थेचीही पूजा होऊ नये. गोसीखुर्दच्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पाणी साठविणे हा धरणाचा हेतू. तरीही अतिवृष्टीत हे दरवाजे उघडावेच लागतात. ज्या धरणाला जादा पाणी सोडायची वाट नसेल, ते टिकणार नाही. घराच्या वेळापत्रकातही अशी वाट हवी. प्रेषित (स.) सजद्यात असताना त्यांचा नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्यांनी सजदा लांबविला, बाळाचे मन भरण्याआधी घाई करणे त्यांना आवडले नाही. नमाजमध्येही जर बालकासाठी जागा असेल, तर आपल्या वेळापत्रकात आजाऱ्यासाठी, पाहुण्यासाठी, थकून बसलेल्या आईसाठी ती का नसावी?

कुरआनने पती-पत्नीच्या नात्याचे वर्णन शांती, प्रेम आणि दया या शब्दांत केले आहे (३०:२१). घर नीटनेटके आहे की नाही, याची कसोटी तेथेच लागते. आज रात्री इशाच्या नमाजनंतर आपल्या घरात शेवटी कोण झोपते आणि फजरच्या आधी सर्वप्रथम कोण उठते, एवढे पाहावे. दोन्ही वेळा एकच नाव येत असेल, तर येत्या जुमाला चर्चेची सुरुवात त्याच नावापासून करावी.

अल्लाह आपल्या घरांत न्याय आणि दया नांदवो. आमीन.