आधी काय तुटावं?

छोट्या मोटरबोटीला नवा प्रोपेलर घ्यायचा तर आधी दोन आकडे ठरवावे लागतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. फिरणारी पाती जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी म्हणजे व्यास. आणि पाणी जर लाकडासारखं घट्ट असतं, तर स्क्रूसारखा फिरणारा प्रोपेलर एका फेरीत जेवढा आत शिरला असता, ते अंतर म्हणजे पिच. पाणी घट्ट नसतं, म्हणून तो प्रत्यक्षात कमीच सरकतो. पिच जास्त घेतला की इंजिन दमतं, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या गाडीसारखं. कमी घेतला की नुसतंच किंचाळतं. ठोकताळा असा, की पिच एक इंचाने उतरवला तर पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २००नी वाढतात. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, समजा ५ ते ६ हजार. नेहमीचं ओझं घेऊन बोट त्या मर्यादेत चालली, की झालं.

इथवर कॅल्क्युलेटर पुरतो. मग प्रश्न येतो धातूचा. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ करता येतात, वाकत नाहीत, पाणी चांगलं कापतात. ॲल्युमिनियम स्वस्त आणि मऊ. पण पाण्याखालच्या खडकावर आपटल्यावर ॲल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा त्याचा टवका उडतो आणि गोष्ट बऱ्याचदा तिथेच थांबते. स्टीलचं पातं टिकतं आणि तोच दणका आत शाफ्टकडे, गिअरकडे पाठवून देतं. म्हणून मधे आणखी एक सोय असते. जुन्या, लहान इंजिनांत शिअर पिन: बोटाएवढीही नसलेली धातूची काडी, जी ठरावीक जोराला तुटावी म्हणूनच बनवलेली. नंतरच्या इंजिनांत तिची जागा बहुतेक रबरी बुशने घेतली. पिन तुटली की प्रोपेलर सुटा होतो, इंजिन वाचतं. शहाणा नावाडी डब्यात दोन-चार पिना बाळगतो. अतिशहाणा तिथे खिळा ठोकतो, आणि पुढच्या खडकाला गिअरबॉक्स घालवून बसतो.

समुद्रपूरच्या माणसाने हे सांगावं यात विनोद आहे, मान्य. आमच्या गावाच्या नावातच काय तो समुद्र. खरा शेकडो किलोमीटर लांब. पण जुलै २०२२मध्ये हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात पूर आला तेव्हा मोटरबोटींची गरज काय असते ते इथल्या लोकांना कळलं. पुराच्या पाण्यातला प्रोपेलर तर समुद्रातल्यापेक्षा वाईट जागी असतो. खाली धुऱ्यावरचं तारेचं कुंपण असतं, बाभळीची खुंटं असतात, वाहून आलेल्या पऱ्हाट्या असतात. आणि शिअर पिनमागची कल्पना आम्हाला परकी नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या कितीतरी यंत्रांत शिअर बोल्ट असतो. डीपीवरचा डीओ उडतो तोही ट्रान्सफॉर्मर वाचावा म्हणून. सारखा उडतो म्हणून तिथे जाड तार बांधणारा हुशार माणूसही प्रत्येक गावात एक असतो.

म्हणजे काही गोष्टी तुटण्यासाठीच असतात आणि त्या वेळेवर तुटल्या हे त्यांचं यश असतं. मला अडवतो तो पुढचा प्रश्न. अमुक आधी तुटावं, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं?

'जे स्वस्त ते आधी तुटावं' हे उत्तर पुरत नाही. आग विझवणाऱ्या पंपाचं बघा. साध्या पंपाच्या मोटरवर भार वाढला की तिचं संरक्षण तिला बंद करतं. अग्निशमन पंपाच्या बाबतीत अमेरिकेचे प्रमाण नियम उलटे आहेत: भार वाढला म्हणून मोटर बंद पडता कामा नये, शेवटी ती जळाली तरी चालेल. इमारत पेटलेली असताना मोटर वाचवून काय करायचं? लष्करी यंत्रांतही युद्धाच्या वेळी सुरक्षेची बंधनं बाजूला सारणारं बटण असतं. पुराच्या मध्यधारेत आठ माणसं घेतलेल्या बोटीची पिन तुटली तर गिअर शाबूत राहतो आणि बोट पुलाच्या खांबाकडे वाहत जाते. काय वाचवायचंय हे कळल्याशिवाय काय तुटावं हे कळत नाही.

आणि याच्याही आधीची एक गोष्ट आपण गृहीत धरतो: पिन आणि गिअरबॉक्स एकाच मालकाचे असतात. दहा रुपये गमावून हजारो वाचवणारा माणूस एकच. त्याने स्वतःचंच थोडं नुकसान निवडलं, स्वतःच्याच मोठ्या नुकसानीऐवजी. हा व्यवहार झाला, यात नीतीचा प्रश्नच नाही. पिन एकाची आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असला, की तीच रचना वेगळी दिसायला लागते. 'स्वस्त' या शब्दाला तेव्हा विचारावं लागतं, कोणासाठी?

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड निर्यात करणाऱ्यांना मोठा दणका. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. १९ ऑगस्टपासून आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. उद्देश सरळ होता, गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हेच आमच्याकडे कापूस घरी येण्याचे दिवस. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये होता, हे खरं. मात्र ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआय कापूस घेत नाही, आणि पावसात भिजलेली बोंडं वेचणाऱ्याला, ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे त्याला, वाळवत बसायला वेळ नसतो. तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि बाजारभाव घेतो.

गिरण्या वाचवणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तिथेही माणसं काम करतात आणि त्यातली बरीच कापूसवाल्याइतकीच गरीब आहेत. कुठेतरी तुटणार होतंच. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. नावाडी पिन निवडतो तेव्हा डब्यात दुसरी ठेवतो. पिन तुटणार हे त्याने आधीच मान्य केलेलं असतं. इथे दणका कुठे वळवला हे सांगितलंच जात नाही. 'उद्योगाला दिलासा' एवढीच बातमी होते. शेतकऱ्याने तोटा सोसला की त्याला 'सोशिक' म्हणायचं, ही आपली जुनी युक्ती. पिनेला सहनशील म्हणण्यासारखं आहे ते.

माझ्या धंद्यातही हे रोज चालतं, फक्त धूळ उडत नाही. सर्व्हरवर भार वाढला की काही विनंत्या नाकारून बाकीच्या वाचवतात, आणि आधी कोणाला नाकारायचं याची यादी कोणीतरी बसून लिहितो. बहुतेक वेळा फुकट वापरणारे सगळ्यात वर. सिनेमा दाखवणाऱ्या ॲपला ते चालेल. दवाखान्याची अपॉइंटमेंट देणाऱ्या ॲपला? कोडमध्ये दोन्हीकडे तीच एक ओळ असते, आणि रिव्ह्यू करणारा ती दहा सेकंदांत पास करतो.

पुन्हा त्या पुरातल्या बोटीकडे जातो, कारण तिथे आणखी एक जण आहे: पाण्यातला माणूस. ना पिन त्याची, ना गिअरबॉक्स. प्रोपेलर निवडताना तो दुकानात नव्हता, आणि बोट जवळ येते तेव्हा फिरत्या पात्यांशी गाठ त्याच्या पायांची असते. पात्यांभोवती बसवायची जाळी मिळते. कमी वेगात ती फारसं अडवत नाही. वेग वाढला की पाणी ओढून धरते, बोट मंदावते. तिचाही मार लागतो, पण पात्यासारखा कापत नाही. पऱ्हाट्या अडकतात त्या वेगळ्याच, थांबून काढाव्या लागतात. हा सगळा भुर्दंड बोटीने सोसायचा असतो, आणि मला वाटतं, तो तिनेच सोसावा. जाळी लावून पिच एखाद इंच कमी घ्यावा, म्हणजे ओझ्याखाली इंजिन दमत नाही. वरचा वेग जातो तो जाऊ द्यावा. पुरात शेतांवरून बोट हाकताना तो कुठे वापरायचाय? डब्यात पिना, पाना आणि तार कापायची पक्कड. आणि माणूस हाताच्या अंतरावर आला की, जाळी असो वा नसो, इंजिन बंद करून वल्हं हातात घ्यायचं.