आधी कान, मग तोंड (दासबोध, दशक ४, समास १)

जय जय रघुवीर समर्थ.

आजचं वाचन चौथ्या दशकातला पहिला समास, श्रवणभक्ती. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं, नामस्मरण तिसरं. म्हणजे तोंड उघडायच्या आधी कान. समर्थ पुष्कळ काही ऐकायला सांगतात, आणि त्यातलं सार घेऊन असार टाकायला सांगतात. क्रम आपल्याला पाठ असतो, वागताना मात्र तो उलटा होतो.

हा समास वाचताना मला आमचा दर्या आठवला. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना निळे देवमासे दिसले होते. जगातला सगळ्यात मोठा प्राणी, आणि तो जगतो कानावर! समुद्रात साधारण २०० मीटर खाली गेलं की उजेड जवळजवळ संपतो. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. निळ्या देवमाशाची हाक इतक्या खर्जातली असते की तिच्यातलं बरंचसं आपल्याला ऐकूच येत नाही. दुसऱ्या देवमाशाला मात्र ती शेकडो किलोमीटरवर पोचू शकते.

तारकर्लीला होडीतून दिसणारे डॉल्फिन याच कुळातले. ते बारीक 'टक' असा आवाज सोडतात. तो माशावर, खडकावर आपटून परत येतो आणि खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोचतो. त्यावरून समोर काय आहे, किती लांब आहे, हे त्यांना कळतं. आम्ही कॉम्प्युटरवाले याला पिंग म्हणू. यातली एक गोष्ट मला फार लागली. आधीचा प्रतिध्वनी परत आला की साधारणपणे मगच पुढचा 'टक' सुटतो. मध्ये एक थांबा असतो, ऐकण्यासाठी.

माझी माळ कशी फिरते? १०८ झाले, की मीटिंग. पिंग पाठवतोय, उत्तर ऐकायला कोणी जागेवर नाही.

अजून एक. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ अभ्यासकांना आढळलं, की जहाज जवळून जायला लागलं की हंपबॅक देवमासे गाणं थांबवतात. आणि जहाज पुढे गेल्यावरही लगेच पुन्हा सुरू करत नाहीत.

हे वाचलं आणि बाबा आठवले.

मी मालवणात घरूनच काम करतो. बाबा संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन काहीबाही सांगायचे. माझ्या कानांवर हेडफोन, नजर स्क्रीनवर. "हां बाबा, हां." एकदा ते बराच वेळ दारात उभे राहिले. मी एक कान मोकळा करून विचारलं, "काय ओ बाबा?"

"काय नाय रे, रवांदे."

त्यानंतर ते दारात आलेच नाहीत. मला वाटलं, बरं झालं, कामात व्यत्यय नाही. गोंगाट करणारं जहाज मी होतो, आणि हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

मग रोज संध्याकाळी हेडफोन आत ठेवून त्यांच्याजवळ खळ्यात बसायला लागलो. पहिले तीन दिवस पाऊस, नारळ, शेजारी. चौथ्या दिवशी म्हणाले, "डाव्या डोळ्यान माका नीट दिसणा नाय." दोन महिन्यांपासून! दारात उभे राहून तेच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. उपचार सुरू आहेत.

घरातल्या माणसाचा हलका आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्याला अंतर्यामीचा कसा ऐकू येणार? देव बोलत नाही अशी तक्रार करण्याआधी, आपला गोंगाट किती आहे ते पाहावं. सार निवडायला आधी ते कानावर पडायला हवं ना!

आजचा संकल्प छोटासा. जप संपल्यावर दोन मिनिटं नुसतं बसायचं, काही मागायचं नाही. आणि घरातल्या एका माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये "हां" न म्हणता.

जय जय रघुवीर समर्थ.