राजकारणाच्या वादात पवित्र शास्त्र

आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या अभ्यासवर्गात एका तरुण शिक्षकाने प्रश्न केला : राजकारणाच्या वादात पवित्र शास्त्राचे वचन पुढे करावे की नाही? वर्गातील एक वडीलधारे गृहस्थ लगेच म्हणाले, "मुळीच नको. उपासनामंदिरात धर्म आणि मतपेटीपाशी राजकारण." त्यावर एका बाईंनी विचारले, "मग वचन काय फक्त रविवारपुरते आहे, काका?" पुढे चहा आला आणि वर्ग आटोपला. प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड मंडळीची आठवण होते. ती मंडळी काही अधार्मिक लोकांची नव्हती. घरोघर शास्त्रवाचन, रविवार कडक पाळणे, पाळकांना मान, हे सर्व तेथे होते. १८५७ साली केप प्रांतातील या मंडळीच्या सिनडपुढे असा विषय आला की, नव्याने विश्वासात आलेल्या काळ्या व मिश्रवर्णी लोकांनी गोऱ्यांच्याबरोबर एकाच ठिकाणी उपासना करावी काय. सिनडने मान्य केले की, सर्वांनी एकत्र असणे हेच इष्ट व शास्त्राला धरून आहे; परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जेथे ते अडचणीचे होईल तेथे वेगळ्या जागी उपासना चालवावी. वाचकांनी "काहींच्या दुर्बलतेमुळे" हे शब्द नीट पाहावेत. दुर्बलता गोऱ्यांची होती आणि बाहेर जावे लागले ते दुसऱ्यांना. १८८१ साली मिश्रवर्णी ख्रिस्ती लोकांची मंडळीच निराळी काढण्यात आली.

जी गोष्ट सवलत म्हणून सुरू झाली, तिला पुढे वचनाचा आधार शोधण्यात आला, आणि शोधणाऱ्याला तो सापडलाही! उत्पत्तीच्या ११ व्या अध्यायात बाबेलच्या बुरुजापाशी देवाने माणसांची भाषा वेगळी केली, त्यावरून राष्ट्रे वेगळी राहावीत अशी देवाची इच्छा आहे, असे सांगण्यात येऊ लागले. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात पौल अथेनैकरांपुढे बोलताना राष्ट्रांच्या सीमांचा उल्लेख करतो, तोही पुढे करण्यात आला. त्याच वचनाच्या आरंभी, सर्व राष्ट्रे एकापासूनच निर्माण झाली, असे पौल म्हणतो. तेवढ्यावरून मात्र घाईने पुढे जाण्यात येई. १९४८ साली सत्तेवर आलेल्या पक्षाचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे स्वतः पूर्वी याच मंडळीचे पाळक होते. गोऱ्या व बिगरगोऱ्यांच्या विवाहांना मनाई करणारा कायदा १९४९ साली झाला. तशी मागणी मंडळीकडून आधीच झालेली होती.

येथे कोणी म्हणेल, "पाहा, म्हणूनच धर्म राजकारणात आणू नये." पण इतिहास इतका सोपा नाही. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉट्टेस्लो येथे निरनिराळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी वर्णभेदाच्या काही नियमांना शास्त्राच्या आधारे हरकत घेतली. सरकारची नाराजी होताच डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे नाकारले. त्या प्रतिनिधींपैकी बेयर्स नॉडे नावाचे पाळक मात्र मागे फिरले नाहीत. १९६३ साली त्यांना आपले व्यासपीठ सोडावे लागले आणि १९७७ पासून १९८४ पर्यंत त्यांच्यावर सरकारी बंदी होती. त्यांच्याही हाती तेच पवित्र शास्त्र होते. मिश्रवर्णी मंडळीने १९८२ साली जो विश्वासाचा अंगीकार लिहिला आणि १९८६ साली बेल्हार येथे स्वीकारला, त्याचाही आधार तेच शास्त्र.

मग फरक कोठे राहिला? आमच्या मते तो वचनाची किंमत कोणी मोजली यात आहे. मलान यांनी वचन पुढे केले तेव्हा घर, जमीन व हक्क दुसऱ्यांचे गेले. नॉडे यांनी वचन पुढे केले तेव्हा व्यासपीठ त्यांचे स्वतःचे गेले. ही कसोटी अचूक आहे असे आम्ही म्हणत नाही. चुकीच्या मतासाठीही माणसे सोसतात. परंतु एखाद्या वचनाने आमचा काहीच तोटा होत नसेल आणि सर्व तोटा शेजाऱ्याचाच होत असेल, तर ते वचन आम्ही पुन्हा एकदा, सावकाश वाचले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांना मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्म स्वातंत्र्य अधिनियम ठाऊक आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. या कायद्यांविषयी बोलताना आम्ही म्हणतो की, बहुसंख्यांनी आपली धर्मभावना कायद्यात घालू नये. गोवधबंदीविषयीही आमच्यातील पुष्कळांचे मत हेच. पण दारूबंदीची गोष्ट निघाली की, आमचा सूर बदलतो. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, आणि तिचे समर्थन करताना देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असा दाखला आमच्यातील कितीतरी जणांनी दिला आहे. (गोव्याच्या वाचकांनी येथे हसू नये. त्यांचाही हिशेब असेलच.) अनुवादाच्या २५ व्या अध्यायात व्यापाऱ्याला लहानमोठी अशी दोन वजने बाळगण्याची मनाई आहे, ती येथे आम्हांस टोचते.

यावर एक तोड अशी सुचवतात की, मनात वचन असू द्यावे, पण चारचौघांत कारण द्यावे ते सर्वांना पटण्यासारखे. सल्ला बरा आहे, परंतु त्यातही एक खाच आहे. १९४८ साली घटना समितीत गोरक्षणाच्या कलमावर चर्चा चालली असता झहीर-उल-हसन लारी या मुस्लिम सभासदांनी सांगितले की, कारण धर्माचे असेल तर तसे उघड म्हणा. अखेर ते कलम, म्हणजे आजचे ४८ वे, शेती आणि पशुसंवर्धनाच्या भाषेतच लिहिले गेले. लारी यांचे म्हणणे आम्हांस आजही प्रामाणिक वाटते. पटण्यासारखे कारण केवळ मुखवटा म्हणून चढवायचे असेल, तर उघड वचन बरे.

म्हणून दारूबंदीविषयी आम्हांस दोन्ही बोलता आली पाहिजेत. पगाराच्या दिवशी रिकामा खिसा घेऊन येणारा नवरा, मार खाणारी बायको, विषारी दारूने जाणारे बळी, ही कारणे हिंदू वा मुस्लिम शेजाऱ्यालाही तोलून पाहता येतात. बंदी असूनही चोरून दारू मिळते, हे त्याचे उत्तरही आम्हांस ऐकावे लागते. आणि वचनही लपवण्याचे कारण नाही. मात्र वचन उच्चारले म्हणजे शेजाऱ्याने गप्प बसावे, ही अपेक्षा आम्ही सोडून दिली पाहिजे. ती सोडणे फार जड जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेतील मंडळ्यांची परिषद भरली. तेथे डच रिफॉर्म्ड मंडळीचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी उभे राहून वर्णभेदाबद्दल स्वतःची व आपल्या मंडळीची अपराधकबुली दिली. डेझमंड टूटू यांनी ती स्वीकारली. १८५७ च्या त्या सवलतीला तोवर १३३ वर्षे झाली होती.