मूठ रेखाटण्याआधी

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी ‘निषेध आणि क्रांती’ हा विषय मिळाला, की आठवड्याभरात काय तयार होईल हे सांगायला ज्योतिषी नको. लाल-काळी पार्श्वभूमी, उगारलेली मूठ, मुद्दाम खरबडीत ठेवलेली अक्षरे. संदर्भ म्हणून जमवलेली चित्रे रशियाची, क्यूबाची, पॅरिसची. विद्यार्थी वसई-विरारचा असला तरी यात फरक पडत नाही, आणि नवल आहे ते याचेच. ज्या जिल्ह्यात तो राहतो तिथे निषेधाची चिन्हे कशी जन्मतात, कशी बदलतात आणि कशी बळकावली जातात याचा ऐंशी वर्षांचा इतिहास वसईपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात पसरलेला आहे. तो पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. चिन्ह हे कुठल्यातरी अडचणीवर काढलेले उत्तर असते. नुसते उत्तर उचलले तर नक्कल होते. अडचण काय होती ते शोधले, तर त्याला संशोधन म्हणता येईल.

सुरुवात लाल बावट्यापासून करावी लागते. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असे त्यांनी ठरवले. त्यांना संघटित करणाऱ्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासमोरची अडचण उघड होती. पाडे दूरदूर विखुरलेले, रस्ते नाहीत, आणि ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांना अक्षर ओळखीचे नाही. तिथे पत्रक छापून उपयोग नव्हता. लांबून दिसेल, काठीला बांधता येईल आणि वाचावे लागणार नाही असे काहीतरी हवे होते. लाल फडके ते काम करत होते. पुढे लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’ हेच संघटनेचे नाव झाले. पण साधेपणाची किंमतही त्याच वर्षी कळली. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप चालू होता. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोदावरीबाई येणार, असा खोटा निरोप फिरवला गेला. माणसे जमली, पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. खूण असो की निरोप, निरक्षरांनाही कळेल इतके साधे जे असते ते शत्रूलाही सहज वापरता येते. डिझाइनच्या पाठ्यपुस्तकात ‘विश्वासार्हता’ या मथळ्याखाली जे कोरडे परिच्छेद असतात, त्यांच्याऐवजी मी ही घटना ठेवीन.

यावर कोणी म्हणेल, की चिन्हे तर जगभर फिरतात. मग स्थानिक अडचणीचा एवढा आग्रह कशाला? आक्षेप खरा आहे, आणि आपल्याकडचे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण दलित पँथर. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ते नाव घेतले ते अमेरिकेतल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. पण तो काळा बिबळ्या तरी ऑकलंडला आला कुठून? अलाबामातल्या लाउन्ड्स काउंटीतून. तिथल्या मतपत्रिकेवर पक्षाच्या नावाबरोबर चित्र लागे, कारण बऱ्याच मतदारांना वाचता येत नव्हते. गोऱ्यांच्या वर्चस्वाची भाषा करणाऱ्या तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चित्र कोंबड्याचे होते. १९६६ मध्ये काळ्या मतदारांच्या नव्या पक्षाने त्यासमोर बिबळ्या उभा केला. म्हणजे तिथेही मुळाशी झरीच्या वारल्यांचीच अडचण. चिन्ह प्रवास करते ते आकार देखणा असतो म्हणून नव्हे. पोचते तिथे तसाच अपमान आणि तशीच गरज आधीपासून असते म्हणून. नुसता आकार पोचला, तर तो टी-शर्टावर संपतो.

वसईत ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. विहिरींचे पाणी टँकरने उपसून नव्या इमारतींना विकले जात होते, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या सुकत होत्या, आणि हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी करण्याचे सरकारी धोरण पुढे येत होते. या ‘हरित’ शब्दाकडे नीट पाहावे. वरवर पाहिले तर तो झाडांचा रंग. पण नियोजनाच्या भाषेत हरित पट्टा ही जमिनीच्या वापराची कायदेशीर मर्यादा असते. लोकांनी सरकारच्याच नकाशावरचा शब्द उचलला आणि सरकारसमोर धरला. शिवाय ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी, मुसलमान अशा वस्तीत लाल म्हटले की पक्ष आठवतो आणि भगवे म्हटले की धर्म. हिरव्यालाही आपल्याकडे धर्म चिकटवला जातोच. ‘वसई’ हे नाव जोडल्यामुळे तो रंग कोणा एका समाजाचा न राहता वाडीचा आणि विहिरीचा झाला, असे मला वाटते. पोस्टरवर पान काढून मोकळा होणारा विद्यार्थी नेमका हा डाव हुकवतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. लोकांनी मार खाल्ला, जीव गमावला. त्यातून ‘प्रेरणा’ घेऊन गुण मिळवायचे, हा लुटीचाच प्रकार नाही का? मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनात पॅरिसच्या कलाशाळेत पोस्टर छापणाऱ्यांना ही भीती होती. आधी शिळाछपाई करून पाहिली, पण प्रती फार थोड्या निघत. म्हणून ते स्क्रीन प्रिंटिंगकडे वळले. बहुतेक पोस्टरांत एकच रंग आणि जाड आकार दिसतात, ते रातोरात छापून भिंतीवर लावायचे होते म्हणून. त्यांवर कोणाची सही नव्हती, आणि ती शोभेसाठी वापरू नयेत असे त्यांनी बजावले होते. आज तीच पोस्टरे लिलावात विकली जातात. वसईलाही याहून वेगळे काही घडले नाही. गृहसंकुलांच्या जाहिरातींत आता हिरवे पान सर्रास दिसते. तेव्हा लूट होते हे मान्यच करावे. पण ती अभ्यासाने होत नाही, अर्धवट अभ्यासाने होते. ज्याला हरित पट्टा म्हणजे काय हे ठाऊक आहे, तो सातमजली इमारतीच्या माहितीपत्रकावर पान काढताना निदान अडखळेल. डिझाइनच्या शिक्षणाकडून एवढी अपेक्षा मला फार मोठी वाटत नाही.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. हरित वसईच्या मोर्चांत विशीत चालणारी माणसे आता साठीच्या आसपास आहेत. फलक कोणी रंगवले, रंग कोणता परवडला, कोणता शब्द खोडून कोणता लिहिला, हे त्यांनाच सांगता येईल. वसईतल्या घरांच्या माळ्यांवर त्या वर्षांचे ‘सुवार्ता’चे अंक, पत्रके, छायाचित्रे पडून असतील. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याकडे जाण्याआधी कोणीतरी विद्यार्थ्याने स्कॅन करून ठेवावीत.