कुणाचं देणं

आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. साल 1884. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ईरी कालव्याच्या काठी एक लहानसं गाव होतं. गावात एक दुकान होतं. तिथे पीठ, साखर, खिळे, दिव्याचं तेल असं सगळं मिळे. गप्पाही मिळत, आणि त्यांचे पैसे पडत नसत.

दुकान नवऱ्याच्या नावावर होतं, पण उधारीची वही बायको लिहीत असे. गावातल्या बहुतेक घरांचं एकेक पान त्या वहीत होतं. कुणी पैसे थकवले तरी ती भांडत नसे, आणि कुणाचं पान फाडतही नसे. अडलेला माणूस पुन्हा दारात आला तर ती त्याला माल देई आणि त्याच पानावर, जुन्या रकमेखाली, नवी रक्कम लिही.

त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक होती. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास शेगडीभोवती तीन माणसं हमखास बसत.

एक होता लोहार. यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने लढला होता. लिंकनचा पक्ष तो आपला पक्ष, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्या पक्षाने मेन राज्यातल्या जेम्स ब्लेनला उभं केलं होतं.

दुसरे होते शाळामास्तर. तेही त्याच पक्षाचे. पण ब्लेनचं नाव जाहीर झालं आणि त्यांनी पक्षाशी फारकत घेतली. त्या वर्षी असे बरेच जण बाहेर पडले. लोक त्यांना ‘मगवम्प’ म्हणून चिडवत. मास्तरांनी ते नाव आनंदाने मिरवलं. त्यांचा माणूस आता विरोधी पक्षाचा उमेदवार, ग्रोव्हर क्लीव्हलंड, न्यूयॉर्कचा गव्हर्नर.

तिसरा कालव्यावर काम करणारा आयरिश मजूर. त्याचं अजून ठरत नव्हतं. ब्लेनची आई आयरिश आणि कॅथलिक, म्हणून त्याचा कल थोडा तिकडे होता.

मास्तर सांगत, “क्लीव्हलंड बफेलोचा महापौर होता तेव्हाची गोष्ट. रस्तेसफाईचं कंत्राट कमी बोली सोडून महाग बोलीला द्यायचं नगरसेवकांनी ठरवलं. यानं ते भर सभेला कळवून फेटाळलं. असा माणूस हवा खुर्चीत.”

जुलैत बफेलोच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली. दहा वर्षांपूर्वी त्या शहरात दुकानात काम करणाऱ्या एका विधवेला मुलगा झाला होता, आणि तो क्लीव्हलंडचा म्हणून सांगितला जात होता. क्लीव्हलंड अविवाहित होता. काय उत्तर द्यायचं असं मित्रांनी विचारलं, तेव्हा जे खरं असेल तेच सांगा, असं त्याने कळवलं. संबंध होता, हे त्याने नाकारलं नाही. मुलासाठी पैसेही दिले होते. पण मुलगा आईपासून दूर अनाथाश्रमात गेला होता, आणि आईला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. क्लीव्हलंडचे मित्र वर सांगू लागले की त्या बाईची ओळख बऱ्याच पुरुषांशी होती आणि याने बिचाऱ्याने सगळ्यांचा भार स्वतःवर घेतला.

लोहार त्या रात्री खूप हसला. विरोधक मिरवणुकांतून तान्ह्या मुलाच्या रडण्याची नक्कल करत होते, ती त्याने शेगडीपुढे करून दाखवली.

सप्टेंबरात मास्तरांची पाळी आली. ब्लेनची जुनी पत्रं छापून आली. ब्लेन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा सभापती असताना लिटल रॉक अँड फोर्ट स्मिथ या रेल्वेला सरकारी जमीन मिळण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला होता, आणि पुढे त्याच रेल्वेचे रोखे आपल्या मेनमधल्या मित्रांना विकून त्याने दलाली घेतली होती. या पत्रांत एक मसुदा होता. ब्लेन निर्दोष आहे असं सांगणारं पत्र त्याने स्वतःच लिहून एका व्यापाऱ्याकडे सहीसाठी पाठवलं होतं, आणि सोबतच्या चिठ्ठीत ती जाळून टाकायला सांगितलं होतं. व्यापाऱ्याने जाळली नाही.

(ब्लेनच्या लग्नाबद्दल कुजबुज होतीच. त्याबद्दलचे कागद क्लीव्हलंडच्या हाती आले, तेव्हा त्याने ते जाळून टाकले. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.)

मग मास्तरांनी एक युक्तिवाद आणला. त्या वर्षी तो सुधारकांच्या बैठकांत सगळीकडे फिरत होता. ते म्हणाले, “ब्लेनचा घरचा व्यवहार स्वच्छ आहे आणि सरकारी व्यवहार घाण. क्लीव्हलंडचा सरकारी व्यवहार स्वच्छ आहे आणि घरचा घाण. तेव्हा क्लीव्हलंडला सरकारात बसवू आणि ब्लेनला घरी. दोघेही जिथे शोभतात तिथे जातील!”

सगळे हसले. दुकानदार हसला, लोहारही हसला. बायको वहीत आकडे मांडत होती. तिने मान वर केली.

“त्या बाईचं नाव काय?” तिने विचारलं.

कुणाला सांगता आलं नाही. नाव वर्तमानपत्रात होतं, सगळ्यांनी वाचलं होतं, पण बोलताना प्रत्येक जण ‘ती विधवा’ म्हणत आला होता. थोड्या वेळाने मास्तरांना आठवलं. मारिया हॅल्पिन.

बायकोने वहीचं मागचं कोरं पान उघडलं. वर ब्लेनचं नाव लिहिलं आणि लोहाराला विचारलं, “याचं देणं कुणाला?”

“कुणालाच नाही,” लोहार म्हणाला. “रोखे बुडाले, तेव्हा त्यानं मित्रांचे पैसे भरून दिले.”

“कुठून दिले?”

मास्तर म्हणाले, “तोच तर आरोप आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेनं त्याचे बुडीत रोखे भारी भावानं उचलले म्हणतात. तो नाही म्हणतो.”

मजूर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “रेल्वेला जमीन दिली ती तरी कुणाची? सरकारची. म्हणजे आपल्या सगळ्यांची.”

बायकोने लिहिलं : देणं, सगळ्यांना. पान उलटून तिने क्लीव्हलंडचं नाव लिहिलं. त्याखाली कुणाला न विचारता मारिया हॅल्पिन आणि तिचा मुलगा असं लिहिलं. वही मिटली आणि पीठ मोजायला गेली. तिला मत नव्हतं, त्यामुळे तिने काय लिहिलं याची चर्चा पुढे झाली नाही.

ऑक्टोबर संपत आला. न्यूयॉर्क शहरात ब्लेनच्या स्वागताला जमलेल्या धर्मोपदेशकांपैकी एकाने विरोधी पक्षाला दारूचा, पोपचा आणि बंडाचा पक्ष म्हटलं. ब्लेनने तिथल्या तिथे त्याला अडवलं नाही. कालव्यावरच्या मजुराने ही बातमी दुसऱ्याकडून वाचून घेतली, घडी घालून खिशात ठेवली, आणि त्याचं मत ठरलं.

त्याच दिवसांत मारिया हॅल्पिनचं शपथपत्र छापून आलं. क्लीव्हलंडने आपल्यावर जबरदस्ती केली, असं तिने त्यात म्हटलं होतं. मास्तरांनी तो अंक दुकानात आणला, पण कोटाच्या आतच ठेवला. बायकोला कोटाचा फुगवटा दिसला.

“निवडणुकीच्या तोंडावर काढलंय,” मास्तर म्हणाले. “हा विरोधकांचा डाव आहे.”

“छापणाऱ्यांचा डाव असेल,” ती म्हणाली. “सांगणारीचं काय?”

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. ते चांगले गृहस्थ होते. उत्तर असतं तर त्यांनी दिलं असतं.

4 नोव्हेंबरला मतदान झालं. तेव्हा मतपत्रिका पक्षच छापून वाटत, आणि कोण कुणाची पत्रिका टाकतो ते सगळ्यांना दिसे. लोहाराने ब्लेनची टाकली, मास्तरांनी आणि मजुराने क्लीव्हलंडची. दुकानदाराने कुणाची टाकली ते त्याने बायकोला घरी येऊन सांगितलं. मला माहीत नाही.

निकालाला काही दिवस लागले. सगळा देश न्यूयॉर्क राज्याकडे डोळे लावून बसला होता. तिथे अकरा लाखांहून जास्त मतं पडली, आणि क्लीव्हलंड हजाराच्या थोड्या वर मतांनी पुढे निघाला. तेवढ्यावर तो देशाचा अध्यक्ष झाला. चोवीस वर्षांनी लिंकनच्या पक्षाकडून सत्ता जाणार होती.

मास्तर सिगार वाटत दुकानात आले. लोहारालाही त्यांनी एक दिला, आणि त्याने तो घेतला. मग ते गल्ल्यापाशी गेले.

“बाई, आता ते मागचं पान खोडा. लोकांनी निकाल दिला. त्याला माफ केलं.”

बायकोने वही काढली. पान उघडलं. त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, “मास्तर, हे देणं लोकांचं होतं का, लोकांनी माफ करायला?”

मास्तर गोंधळले. “म्हणजे मी मत दिलं ते चुकलं?”

“तसं मी म्हटलं नाही. मला मत असतं, तर मीही कदाचित त्यालाच दिलं असतं. जुनी उधारी थकलेल्याला मी पीठ देते की नाही? देते. पण पीठ दिलं म्हणून मागचं फिटलं, असं वहीत लिहीत नाही.”

“आणि ब्लेनचं?” लोहाराने विचारलं.

“ते तुम्हा सगळ्यांचं येणं आहे. तुमचा वाटा तुम्ही सोडा, तो तुमचा हक्क. मास्तरांचा वाटा तुम्हाला सोडता येणार नाही, एवढंच.”

लोहाराने सिगार पेटवला आणि म्हणाला, “सोडला.” तो खरंच मोकळ्या मनाने म्हणाला. बायकोने पानावर तसं लिहून ठेवलं. उलटलेल्या पानावर मात्र तिने काही लिहिलं नाही आणि काही खोडलंही नाही.

मास्तरांनी निवड वाईट केली, असं नाही. पैशाच्या बाबतीत क्लीव्हलंड अध्यक्षपदीही सचोटीचाच राहिला. खुर्चीत कुणीतरी बसणारच असतं, आणि समोर उभ्या असलेल्यांतूनच निवडावं लागतं. पण आपलं मत एकदा पडलं की त्या माणसाचा दोष आपल्याला आपल्या मताच्या मापाचा दिसू लागतो. तो सरकारी दोष आणि हा घरगुती, तो मोठा आणि हा किरकोळ, अशी प्रतवारी आपण लावतो, आणि ती लावताना ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारायला जात नाही. घरगुती म्हणून जे आपण उदारपणे माफ करतो, ते बहुतेक वेळा आपलं येणंच नसतं.

त्या निवडणुकीत बेल्व्हा लॉकवुड नावाची एक वकीलबाईही अध्यक्षपदाला उभी होती. तिला मत देण्याचा हक्क पुरुषांना होता, तिला स्वतःला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो 1917 साली, आणि साऱ्या देशातल्या बायकांसाठी घटनादुरुस्ती झाली ती 1920 साली.