९९२ युरो हा तुझा पगार नव्हे

बस खाली. मोबाईल उलटा ठेव. तुझे वडील काल देवळाजवळ भेटले. घर बँकेकडे तारण ठेवलं म्हणून सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. म्हणून तुला बोलावून घेतलंय, चहा पाजायला नव्हे.

हा कागद तूच लिहिलास ना? ‘म्युनिक. राहणे-जेवणे, महिना ९९२ युरो.’ झालं? दोन वर्षांचा संसार एका ओळीत उरकलास? दहावीला गणितात पायऱ्या नसल्या तर उत्तर बरोबर असूनही मी गुण कापायचो. इथे पायऱ्याही नाहीत आणि उत्तरही चूक.

हा आकडा तू व्हिसाच्या यादीतून उचललास, कबूल कर. वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवा, मग तुमचा अर्ज बघू, एवढंच जर्मन सरकार म्हणतं. त्यात तुझं भागेल असं ते कुठेच म्हणत नाही. आणि तू मात्र पहिल्या तारखेला पगार जमा होणार अशा थाटात गावभर सांगत सुटलास. खुळ्या, तो पैसा तुझ्या बापाने कर्ज काढून भरलेला. तोच तुला महिन्याला ९९२च्या हप्त्याने परत मिळणार. पगार कसला?

घे पेन. लिही. म्युनिकमध्ये चारजणांच्या घरातली एक खोली आज सातशे ते आठशे युरोंना जाते. आठशे धर. राहिले १९२. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा सक्तीचा, तो महिन्याला दीडशेच्या आसपास. राहिले ४२. आता या बेचाळीस युरोंत महिनाभर जेव, बसने फीर, मोबाईल रिचार्ज कर आणि घरटी १८.३६ युरोंची रेडिओ-टीव्हीची वर्गणीही भर. टीव्ही नसला तरी ती चुकत नाही. घरात चौघे असतील तर निदान वाटून तरी घेता येते. काय म्हणालास? वसतिगृह मिळेल? अर्ज केलायस? म्युनिकला वसतिगृहाची रांग एकेका वर्षाच्या पुढे जाते आणि तू अजून फॉर्म उघडूनसुद्धा बघितला नाहीस.

‘जर्मनीत शिक्षण फुकट असतंय सर’ हेही तूच म्हणाला होतास. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत खरंच फी नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरायची. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो मोजावे लागतात. आणि तू ज्याच्या नावाने स्टेटस ठेवलायस, त्या म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या नव्या परदेशी विद्यार्थ्याला सत्राला ४,००० ते ६,००० युरो पडतात. तुझ्या कागदावर ही ओळ कुठे आहे? उलटून बघ, मागे असेल तर. केम्नित्स, माग्डेबुर्ग या गावांची नावं ऐकलीस का कधी? तिथे खोली म्युनिकच्या निम्म्यातही मिळते. पण त्या नावांवर लाइक पडत नाहीत, नाही का?

आता पहिला महिना. इथेच पोरं आडवी होतात. घरमालक अनामत मागतो, कायद्याने ती तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत जाऊ शकते. ब्लॉक्ड खात्यातून एकदम तेवढे काढू म्हणशील तर निघत नाहीत, हप्ता ठरलेला. हप्ता सुरू व्हायलाही आधी तिथलं बँक खातं लागतं, आणि बऱ्याच बँका खात्यासाठी पत्त्याची नोंदणी मागतात. पत्ता म्हणजे खोली, खोली म्हणजे अनामत. म्हणजे ११,९०४ युरो भरूनही पहिले काही आठवडे तू फुटक्या कवडीचा धनी. त्यासाठी वेगळे पैसे हाताशी ठेवावे लागतात. ते कुठून आणणार, हे वडिलांना कधी सांगणार होतास? फ्रँकफुर्टच्या विमानतळावरून?

नोकरी करीन म्हणतोस. कर की. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. परवानगी आहे, काम नाही. काम मागायला जर्मन लागतं. घरी मराठी, शाळेत कन्नड, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. सीमाभागातला पोरगा तू, चार भाषा पाण्यासारख्या बोलतोस आणि जर्मनच्या पहिल्या पायरीवर सर्टिफिकेट घेऊन थांबलास! पहिल्या सत्राच्या हिशोबात नोकरीचा एक पैसाही धरायचा नाही. लिही ते. खाली रेघ ओढ.

रुपयाचंही बघ. २०२५च्या सुरुवातीला नव्वदच्या आसपास असलेला युरो वर्ष संपायच्या आत शंभर ओलांडून गेला. युरोमागे दहा रुपये वाढले की ११,९०४ युरोंवर १,१९,०४० रुपये जादा. ते कोण भरणार? वर शिकत असतानाही कर्जावर व्याज चढतच असतं.

तोंड पाडू नकोस. हिशोब म्हणजे चिकटपणा, असं तुझ्या डोक्यात बसलंय. बाबासाहेब आंबेडकर १९१३ला न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तेवढ्यात पोट मारलं, पण जुनी पुस्तकं धुंडाळून दोनेक हजार जमवली. तिथून लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा तिथला अभ्यास अर्धा टाकून १९१७ला परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२०ला पुन्हा लंडन गाठलं. कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. तू मात्र जायच्या आधीच हॉटेलात साठ जणांची पार्टी ठेवलीस, नवा फोन घेतलास आणि तीन जॅकेटं. थंडीचं जॅकेट तिथे जुन्या बाजारात मिळतं रे. कुंद्याचे डबे चार नेतोयस म्हणे, एक ने. उरलेल्या जागेत कुकर घाल, आणि तो इंडक्शनवर चालतो का ते इथेच तपासून घे. स्वयंपाक येतो का? भाताला पाणी किती, सांग बघू. एवढा मोठा पोरगा आणि भातासाठीही आईकडे बघतोय!

पार्टीवाल्याला आत्ता इथूनच फोन लाव, माझ्यासमोर. वसतिगृहाचा फॉर्म आज रात्री भरायचा, दोन स्वस्त शहरांतली विद्यापीठंही शोधायची. रविवारी सकाळी वडिलांना घेऊन ये. खोली, विमा, फी, अनामत, पहिल्या महिन्याची रोकड, प्रत्येकाची ओळ वेगळी हवी, आणि आकडा कुठून घेतलास ते बाजूला लिहायचं. वाचून वडिलांना तू समजावायचं, मी नाही. लाव फोन.