पाठीवरचा उंचवटा

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत दूरचित्रवाणीवरील वादचर्चेला जे मोल आहे, ते तिथे मांडल्या जाणाऱ्या मुद्द्यांमुळे फारसे नाही, कारण ते मुद्दे जाहिराती, सभा आणि मुलाखती यांतून मतदाराच्या कानांवर आधीच पुरेसे आदळलेले असतात. हे मोल एका अटीमुळे आलेले आहे. भाषणे लिहून देणारे सहायक, आकडे पुरवणारे सल्लागार आणि १९५२ च्या पक्ष अधिवेशनांपासून व्यासपीठावर आलेला टेलीप्रॉम्प्टर, म्हणजे वक्त्यासमोर भाषणाच्या ओळी सरकत्या ठेवणारे यंत्र, या सर्वांपासून उमेदवाराला दीड तास तोडले जाते आणि त्या वेळात तो जे बोलेल ते त्याच्याच डोक्यातून आलेले आहे, असे गृहीत धरले जाते. उरलेला सगळा प्रचार इतरांच्या मदतीने चालतो हे मतदाराला ठाऊक असते आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. मात्र या दीड तासात मदत मिळाली अशी नुसती कुजबुज झाली, तरी संशय एका उत्तरावर न थांबता साऱ्या निवडणुकीपर्यंत पोचतो.

अशा कुजबुजीचे सर्वांत गाजलेले प्रकरण २००४ सालचे आहे. ३० सप्टेंबर २००४ रोजी फ्लोरिडातील मायामी विद्यापीठात अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांची पहिली वादचर्चा झाली. ती सुमारे ६.२ कोटी लोकांनी पाहिली. प्रश्न आपणच तयार केले असून ते उमेदवारांना कळवलेले नाहीत, असे सूत्रसंचालक जिम लेहरर यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. प्रक्षेपणात काही क्षण मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवण्यात आले आणि त्यात बुश व्यासपीठावर पुढे झुकलेले असताना त्यांच्या कोटावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, चौकोनी वाटावा असा उंचवटा दिसला, ज्याच्या खालून एक वळी कंबरेच्या दिशेने उतरत होती. दृश्य क्षणभराचे होते, पण ते थांबवून, मोठे करून, उजळून पाहण्याची साधने तोवर घरोघरी आलेली होती. ८ ऑक्टोबरला, म्हणजे दुसरी वादचर्चा सेंट लुईसला होणार होती त्याच दिवशी, ‘सॅलॉन’ या नियतकालिकाने त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि अध्यक्षांच्या कोटाखाली संदेश ऐकवणारे यंत्र असावे का, हा प्रश्न राजकीय चर्चेत आला.

या तर्कामागचे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण अफवेला बळ मिळाले ते ती तांत्रिकदृष्ट्या शक्य कोटीतील होती म्हणून. कानाच्या नळीत आत बसणारा, बाहेरून न दिसणारा इयरपीस इतका लहान असतो की त्यात रेडिओ लहरी पकडणारे पूर्ण यंत्र मावणे अवघड असते. म्हणून ते यंत्र अंगावर, कपड्यांखाली बांधले जाते आणि त्याला जोडलेले तारेचे वेटोळे गळ्याभोवती ठेवले जाते. आवाजाच्या चढउताराप्रमाणे वेटोळ्यातील विद्युतप्रवाह बदलतो, त्याबरोबर त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या बदलत्या क्षेत्रामुळे इयरपीसमधील सूक्ष्म तारेत पुन्हा प्रवाह निर्माण होऊन आवाज उमटतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये सिद्ध केले आणि अनेक श्रवणयंत्रांत त्याचा वापर होतो. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. २००३ च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ चित्रपटात वैद्यकीय परीक्षेतील उत्तरे कानात ऐकवली जातात आणि नंतरच्या काळात भरती परीक्षांतील ‘हायटेक कॉपी’च्या बातम्या सर्वांनीच वाचल्या आहेत.

परंतु एखादी गोष्ट करता येणे आणि ती केली गेलेली असणे यांत जे अंतर आहे, ते ओलांडायला पुरावा लागतो आणि इथे पुरावा म्हणून पुढे आलेल्या गोष्टी फार तोकड्या होत्या. त्यांतील मुख्य होते बुश यांचे एक वाक्य. कोणीही मध्ये बोलत नसताना ते ‘मला पूर्ण करू द्या’ अशा अर्थाचे बोलले आणि ते कानातील व्यक्तीला उद्देशून होते, असा अर्थ लावण्यात आला. वास्तविक त्या मंचावर उत्तराचे तीस सेकंद उरले की हिरवा, पंधरा उरले की पिवळा आणि पाच उरले की लाल दिवा लागत असे; समोर असा दिवा पेटलेला पाहून घाईत असलेला वक्ता हेच वाक्य सूत्रसंचालकाला उद्देशून सहज बोलू शकतो. दुसरा मुद्दा त्यांच्या लांबलेल्या विरामांचा होता, ते विराम कानातला आवाज ऐकण्यासाठी घेतले असे मानले गेले. एक आवाज ऐकत असताना त्याच वेळी स्वतः बोलणे हे काम किती थकवणारे आहे, हे समकालिक दुभाषांच्या, म्हणजे भाषण चालू असतानाच ते दुसऱ्या भाषेत सांगत जाणाऱ्यांच्या, कामाच्या पद्धतीवरून कळते. पुरेसे प्रशिक्षण असूनही ते साधारण अर्ध्या तासाने जोडीदाराला जागा देतात. एखादा आकडा किंवा नाव कानात सांगणे निश्चितच शक्य आहे, पण तर्क लढवणाऱ्यांनी मर्यादा पाळली नाही. उत्तर बरे झाले तर ते कोणीतरी सांगितले आणि उत्तर अडखळले तर सांगणाऱ्याचा आवाज नीट पोचला नाही, अशी त्यांच्या युक्तिवादाची रचना होती. कोणत्याही निरीक्षणाने जो खोटा ठरूच शकत नाही, असा दावा खरा म्हणून स्वीकारता येत नाही, ही विचाराची प्राथमिक शिस्त आहे आणि ती आपल्याला नावडत्या नेत्याच्या बाबतीतही पाळावी लागते.

तरीही दोष केवळ संशय घेणाऱ्यांचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्यांच्याकडे उत्तर होते त्यांनी ते सरळ दिले नाही. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने आधी हा विषय थट्टेवारी नेला. मग कोटाच्या पाठीमागच्या शिवणीला पडलेली चुणी असे स्पष्टीकरण अध्यक्षांच्या शिंप्याकडून आले. स्वतः बुश यांनी २६ ऑक्टोबरला एबीसी वाहिनीवर चार्ल्स गिब्सन यांना, शर्ट नीट शिवलेला नव्हता, असे उत्तर दिले. दोष कोटाचा की शर्टाचा, एवढेही एकमताने ठरले नाही. पॅसाडिना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांच्या छायाचित्रांचे विश्लेषण करणारे रॉबर्ट नेल्सन यांनी प्रक्षेपणातील चित्रांवर संस्करण करून, ही कापडाची चुणी नसून कोटाखाली एखादी वस्तू असावी, असे मत दिले. ती वस्तू कोणती, हे चित्रावरून ठरवणे अर्थातच शक्य नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या विषयावर बातमी तयार होत होती, ती मतदानापूर्वी छापली गेली नाही, हेही पुढे उघड झाले. मतदान २ नोव्हेंबरला झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ‘द हिल’ या वॉशिंग्टनमधील वृत्तपत्राने सुरक्षा यंत्रणेतील सूत्रांच्या हवाल्याने लिहिले की तो उंचवटा बुलेटप्रूफ जाकिटाच्या पट्ट्याचा होता. पुढे आलेल्या सर्व स्पष्टीकरणांत हे सर्वाधिक पटणारे आहे. नेल्सन यांच्या निरीक्षणाशी ते जुळते आणि अध्यक्षांच्या अंगावर कोणते संरक्षण आहे, हे जाहीर न करण्यामागचे कारणही त्यातून समजते. मात्र सुरक्षेसाठी एखादी गोष्ट सांगता येत नसेल, तर तेवढेच म्हणून थांबण्याऐवजी शिंप्याला पुढे करणे ही चूक होती आणि अफवेला पुढचे कित्येक आठवडे तिनेच खाद्य पुरवले.

पहिल्या वादचर्चेच्याच रात्रीची दुसरी कुजबुज आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे, ती केरी यांच्याविषयीची. मंचावर येताच त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी काढून समोर ठेवले आणि ती टिपणांची चिठ्ठी होती, असा आरोप विरोधी गोटातून झाला. चित्रफीत जवळून पाहिल्यावर ते पेन निघाले. दोन्ही पक्षांनी वादचर्चेआधी ३२ पानांचा जो करार केला होता, त्यात सोबत टिपणे आणण्याला मनाई होती आणि कोणते कागद व कोणते पेन वापरायचे याचीही कलमे होती. एका पेनावरून फसवणुकीचा आरोप होऊ शकतो, इतकी ही अट नाजूक होती. उमेदवार बोलत नसताना त्याचा चेहरा दाखवू नये, असेही त्या करारात होते आणि वाहिन्यांनी ते मानले नाही. मागच्या कॅमेऱ्याचे दृश्य आणि उमेदवारांचे चेहरे प्रेक्षकांना दिसले ते वाहिन्यांनी स्वतःचा निर्णय वापरला म्हणून, ही बाब अफवेच्या गोंधळात झाकली गेली. वादचर्चेचे नियम वाद घालणारेच बंद दाराआड ठरवतात, यावर आक्षेप घेऊन ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या संघटनेने १९८८ मध्येच आयोजनातून अंग काढून घेतले होते आणि मतदारांच्या या फसवणुकीत आपण सामील होणार नाही, अशी भूमिका घेतली होती. या विषयातील सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. ती उंचवट्याइतकी कधीही गाजली नाही.

हा संशय अमेरिकेत इतका खोल का रुजला, याचे उत्तर वादचर्चांच्या जन्मकाळात सापडते. १९५० च्या दशकात तिथे प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम अतोनात लोकप्रिय होते आणि ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमातील विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन हा प्राध्यापक घराघरांत पोचला होता. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले की प्रश्न आणि उत्तरे आपल्याला आधीच मिळत होती. कपाळावरचा घाम आणि आठवण्यासाठी घेतलेला वेळ, हे सारे बसवलेले होते. दूरचित्रवाणीवर विचार करताना दिसणारा माणूस खरोखर विचार करत असेलच असे नाही, हा धडा त्या समाजाने तेव्हा घेतला. पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १९६० रोजी, अशा स्पर्धांत गुप्त मदत देणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला आणि बरोबर तेरा दिवसांनी, २६ सप्टेंबरला, शिकागोत केनेडी आणि निक्सन यांची पहिली वादचर्चा झाली. तिसऱ्या फेरीत निक्सन लॉस एंजेलिसमध्ये आणि केनेडी न्यूयॉर्कमध्ये बसून बोलले आणि केनेडींनी कागद पाहून उत्तरे दिली, अशी तक्रार निक्सन यांनी तेव्हाच केली. संशय वादचर्चेइतकाच जुना आहे.

मराठी रंगभूमीवर विंगेतून वाक्ये पुरवणारा प्रॉम्प्टर पूर्वी पुढच्या रांगांना ऐकू येत असे आणि प्रेक्षक ते चालवून घेत, कारण नटाच्या तोंडची वाक्ये नाटककाराची आहेत हे उघड होते. नेत्याबाबत तसा करार नसतो. आपल्या तोंडची वाक्ये आपली आहेत असे तो सांगतो, म्हणून त्याच्या विंगेत कोणी उभे आहे का, हे पाहण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. दुर्दैव इतकेच की तो नेमका चुकीच्या जागी पाहत राहतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या कानात, २०२० मध्ये जो बायडन यांच्या शर्टाच्या घडीत, तर १० सप्टेंबर २०२४ च्या वादचर्चेनंतर कमला हॅरिस यांच्या मोत्यांच्या कर्णभूषणांत यंत्र शोधले गेले. ज्या यंत्राशी त्या मोत्यांची तुलना झाली, त्याची घडणच वेगळी होती. ज्या मदतीचा पुरावा आजवर मिळाला आहे, ती कानातून आलेली नाही. ती चर्चेच्या आधी, लेखी स्वरूपात आलेली आहे. मार्च २०१६ मध्ये सीएनएनच्या भाष्यकार आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या पदाधिकारी डोना ब्राझील यांनी क्लिंटन यांच्या प्रचारकांना येऊ घातलेल्या प्रश्नांची कल्पना ईमेलने दिली होती, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघड झाले. याउलट २००० मध्ये बुश यांच्या सरावाची चित्रफीत आणि कागदपत्रे टपालाने हाती पडली, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांचे सहकारी टॉम डाउनी यांनी ती वकिलामार्फत एफबीआयकडे सोपवली आणि स्वतः गोर यांच्या सरावातून बाजूला झाले. त्यांच्या या वागण्याची आठवण फार थोडे जण काढतात, ही खेदाची गोष्ट आहे.

सर्वांत मोठे प्रकरण मात्र १९८० चे आहे. २८ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये अध्यक्ष कार्टर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रेगन यांची एकमेव वादचर्चा झाली, मतदान त्यानंतर अवघ्या एका आठवड्यावर होते. कार्टर यांच्यासाठी तयार केलेली पूर्वतयारीची कागदपत्रे चर्चेआधी रेगन यांच्या गोटात पोचली होती आणि सरावात कार्टर यांची भूमिका करणारे डेव्हिड स्टॉकमन यांनी ती वापरली होती. ही गोष्ट बाहेर यायला १९८३ साल उजाडले. कागद रेगन यांच्या प्रचारातील सहकारी विल्यम केसी यांच्याकडून मिळाले असे दुसरे सहकारी जेम्स बेकर यांनी सांगितले, केसी यांनी ते मान्य केले नाही. तोवर बेकर व्हाइट हाउसचे मुख्याधिकारी आणि केसी सीआयएचे प्रमुख झालेले होते. काँग्रेसच्या उपसमितीने १९८४ मध्ये सुमारे २,४०० पानांचा अहवाल दिला. खटला कोणावरही भरला गेला नाही.